मिसळणाच्या डब्यातलं गणित

मढहून वर्सोव्याला जाणारी फेरीबोट असो की डोंबिवलीची लोकल, वाट पाहणं काही आपल्याला चुकत नाही. हातात पिशवी, डोक्यात घरची यादी, आणि नजर घड्याळाकडे! पण भगिनींनो, अशाच एका स्टेशनात एका मराठी शिक्षकांना आकड्यांची एक गंमत सुचली, आणि ती पुढे गणिताच्या नियतकालिकांपर्यंत पोचली.

ती आज तुम्हांला सांगायची, याला कारण आहे. ‘माझ्या डोक्यात बाई गणित शिरतच नाही, बाबांना विचार,’ हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो! मुलगी ते ऐकते, आणि गणित हे बायकांचं कामच नव्हे, अशी खूणगाठ बांधते. तेव्हा पुढच्या वेळी ते वाक्य ओठांवर येण्याआधी एक पेन्सिल आणि वाण्याच्या बिलाची कोरी बाजू घ्या.

देवळालीचे मास्तर

त्या शिक्षकांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९२९ साली मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं त्यांनी देवळालीला शाळेत शिकवलं. बी.एस्सी.च्या पुढची पदवी नव्हती, म्हणून काही विद्वानांनी त्यांचं काम हसण्यावारी नेलं. पण मास्तरांनी आकड्यांची संगत सोडली नाही. १९७५ साली अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगभर त्यांचं नाव झालं. १९८६ साली ते वारले.

जी. आय. पी. रेल्वेवरच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनात ही कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांना नावच दिलं ‘डेम्लो संख्या’!

एकांची रांग

आता पेन्सिल उचला. १ लिहा. नियम एकच: हातातल्या संख्येला दहानं गुणायचं आणि एक मिळवायचा. १, ११, १११, ११११... मागची संख्या माहीत असली की पुढची आपोआप मिळते. भाकरीच्या एका उंड्यावरून दुसऱ्याचा अंदाज येतो ना, तसंच.

यांतल्या प्रत्येक संख्येला तिनंच गुणा. ११ गुणिले ११ म्हणजे १२१. १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. ११११ चे १२३४३२१. जिना चढायचा आणि उतरायचा! जादू यात काही नाही. गुणाकार मांडला की एकांच्या ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात. कडेच्या घरात एकच एक पडतो, मधल्या घरात सगळ्यांत जास्त. नऊ एकांपर्यंत हा जिना शाबूत राहतो: १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा साठतात, हातचा येतो आणि पायरी मोडते. कापरेकरांच्या डेम्लो संख्यांमधल्या या ‘अद्भुत’ संख्या.

सात वाट्या

खरी मौज पुढेच आहे. एकांच्या या रांगेत ७ नं पूर्ण भाग जाणारी संख्या असेल का?

मिसळणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. त्यात सात वाट्या. सातानं भागलं तर बाकी उरते ० ते ६, म्हणजे सातच प्रकारची. मोहरीच्या वाटीत बाकी ०, जिऱ्याच्या वाटीत बाकी १, अशा वाट्या ठरवा. आता एक एकाच्या संख्येपासून आठ एकांच्या संख्येपर्यंत आठ संख्या घेऊन प्रत्येक आपापल्या वाटीत टाका. वाट्या सात, संख्या आठ; म्हणजे कुठल्यातरी एका वाटीत दोघी येणारच. त्या दोघींची बाकी सारखी, म्हणून मोठीतून धाकटी वजा केली की उत्तराला ७ नं पूर्ण भाग जातो. आणि ते उत्तर कसं दिसतं? आधी एक, मग शून्यं. शून्यं म्हणजे दहाचे गुणाकार, त्यांत ७ कुठेच नाही. ती पुसून टाका. उरले ते नुसते एक, आणि त्यांना ७ नं भाग गेलाच पाहिजे!

पडताळून पाहा. दर वेळी बाकीला दहानं गुणा, एक मिळवा, सातानं भागा. बाक्या येतात १, ४, ६, ५, २ आणि सहाव्या वेळी ०. खरोखरच १११११११ नव्हे, १११११ नव्हे, तर १११११११ च्या अलीकडची सहा एकांची संख्या, १११,१११, हिला ७ नं भाग जातो. ती म्हणजे ३ × ७ × ११ × १३ × ३७.

शेवटी २ किंवा ५ असलेलं गणित मात्र इथे चालत नाही. एकानं संपणाऱ्या संख्येला २ नं किंवा ५ नं भाग जाईल कसा? दहामध्ये २ आणि ५ दडलेले असतात, ते नसलेल्या कुठल्याही संख्येला ही वाट्यांची युक्ती लागू पडते.

याचा हिशेबाशी संबंध आहे बरं का. आठवड्याच्या भाजीपाल्याचे १००० रुपये सात दिवसांत वाटा: १४२.८५७१४२८५७... सहा आकडे पुन्हा पुन्हा फिरतात. सहाच का? कारण सहा एकांच्या संख्येलाच ७ नं पहिल्यांदा भाग जातो.

अजून न सुटलेलं कोडं

ज्यांना दुसऱ्या कशानंच भाग जात नाही, अशा मूळ संख्या या रांगेत विरळाच. ११ ही पहिली. त्यानंतर थेट एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची. ३१७ एकांची संख्या मूळ असल्याचं १९७७ साली सिद्ध झालं. अशा संख्या कधी संपतात की अनंत आहेत, हे आजही कुणाला सांगता आलेलं नाही.

घरी करून पाहा

• मुलीला १३ द्या. बाक्या १, ११, ७, ६, ९ आणि ० येतात का, ते तिलाच काढू द्या.
• १७ साठी किती एक लागतील? उत्तर: सोळा. पण आधी सांगू नका!
• अडली तर उत्तर सांगण्याऐवजी ‘मागची बाकी किती होती?’ एवढंच विचारा.

आणि ‘आई, तुला हे कसं येतं गं?’ असं तिनं विचारलं, तर मिसळणाचा डबा पुढे ठेवा. त्यातच तर सगळं आहे!