आरोग्यविम्याच्या फसव्या दूरध्वनीची भाषा

फसवणुकीचा दूरध्वनी हा मुळात एक भाषिक व्यवहार होय. बोलणारा दिसत नाही, त्याचे कार्यालय दिसत नाही. ऐकणाऱ्याजवळ केवळ शब्द असतात, आणि समोरचा कोण हे त्याला शब्दांवरूनच ठरवावे लागते. यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे वृद्धांची घरातील बोली वऱ्हाडी आहे. बँकेची, इस्पितळाची आणि सरकारी योजनांची भाषा मात्र प्रमाण मराठी, हिंदी व इंग्रजी संज्ञा यांची मिसळ असते. साहजिकच अनोळखी शब्दांनी भरलेले बोलणे अशा माणसास संशयास्पद न वाटता उलट अधिकृत वाटते.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान भारत योजना ७० वर्षे व त्यापुढील सर्व नागरिकांस, उत्पन्नाची अट न ठेवता, खुली झाली. वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार, आणि त्यासाठी ‘वय वंदना’ हे निराळे कार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यात आधीपासून होतीच. शिवाय वणी परिसरातील कोळसा खाणींतून निवृत्त झालेल्यांसाठी वेगळी वैद्यकीय योजना आहे. यांपैकी आपले कोणते कार्ड चालू आणि कोणते अपुरे, हे घरातील शिकलेल्या माणसासही चटकन सांगता येत नाही. फसविणारा नेमका याच संदिग्धतेचा लाभ घेतो.

त्याची वाक्ये पाहावीत. “तुमचे कार्ड आज रात्री बंद होणार आहे.” “बोनस मंजूर झाला आहे.” येथे कर्ता नाही. कोण बंद करणार, कोणी मंजूर केला, हे वाक्य सांगत नाही, आणि सरकारी पत्रांमुळे अशा कर्ताहीन रचनेची सवय झालेला कान ते विचारीतही नाही. (विमा नियामक प्राधिकरण पॉलिसी विकीत नाही व बोनसही जाहीर करीत नाही.) संबोधनही लक्षणीय असते: आरंभी “सर”, चार वाक्यांनंतर “काका” किंवा “बाबूजी”. नाते जुळले की नकार देणे जड जाते. मग नाव बरोबर ना, गाव वणीच ना, असे होकारार्थी उत्तराचे प्रश्न येतात, आणि त्या होकारांच्या ओघात ओटीपीचे आकडे विचारले जातात. बोलणाऱ्याचे बोलणे मध्येच तोडू नये हा जुन्या पिढीचा शिष्टाचार येथे तिच्याच विरुद्ध वापरला जातो.

“ओटीपी कोणासही सांगू नये” हा उपदेश सर्वत्र होतो, पण तो अपुरा आहे. वय वंदना कार्डाच्या खऱ्या नोंदणीतही आधारशी जोडलेल्या क्रमांकावर ओटीपी येऊ शकतो, आणि तो केंद्रावरील माणसाला सांगावा लागतो. ज्या आजीने काल केंद्रात आकडे सांगितले, तिने आज दूरध्वनीवर का सांगू नयेत? भेद आकड्यांत नाही. संभाषणाचा आरंभ कोणी केला यात आहे. आपण चालत गेलो, समोर बसलो आणि आपणच काम सांगितले, तर आकडे देणे हा त्या कामाचा भाग. कोणी आपल्याला गाठले, तर तेच आकडे तिजोरीची किल्ली. सरसकट भीती घातली तर वृद्ध खरी नोंदणीही टाळतील आणि ५ लाखांच्या उपचारांस मुकतील, ही हानीही लहान नव्हे.

म्हणून घरच्यांनी मनाईपेक्षा एक तयार वाक्य द्यावे, आणि तेही बोलीतले: “मले आता नोका सांगू, मी दवाखान्यात जाऊनच इचारतो.” यात उद्धटपणा नाही, आणि पुढच्या प्रश्नास जागाही उरत नाही. त्यानंतर योजनेच्या १४५५५ या क्रमांकावर आपणहून विचारणा करावी. खाजगी विम्याची तक्रार १५५२५५ वर करता येते. नोंदणीस शुल्क नाही, हेही ठाऊक असावे.

पैसे गेलेच, तर मुलास काय सांगावे या संकोचात पुष्कळदा एक-दोन दिवस जातात. १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार लवकर पोचल्यास रक्कम मधल्या खात्यांत अडविता येण्याचा संभव असतो. उशीर झाला की ती एका खात्यातून दुसऱ्यात आणि तेथून रोखीत निघून जाते.