फळ्या धुणे सोपे, कोरड्या ठेवणे महत्त्वाचे

कवठे महांकाळ हा सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील अवर्षणप्रवण तालुका. इथल्या स्वयंपाकघराला ओलाव्याची कसली धास्ती, असे कुणालाही वाटेल. मात्र या भागात पावसाचा मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो आणि त्याच सुमारास घरोघरी नवरात्रापूर्वीची साफसफाई निघते. डबे खाली उतरतात, फळ्या पाण्याने धुतल्या जातात आणि ढगाळ हवेत त्या पुरत्या वाळण्याआधीच डबे पुन्हा वर चढतात. स्वच्छतेसाठी केलेले हे कष्ट मग बुरशीच्याच पथ्यावर पडतात.

बुरशीला वाढण्यासाठी ओलावा, थोडी ऊब आणि पिठाचे चार कण पुरेसे असतात. हा प्रश्न केवळ वासाचा नाही. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही गावांत अवकाळी पावसात भिजून बुरशी लागलेली ज्वारी व मका खाल्ल्याने अनेकांना पोटदुखी आणि जुलाबाचा त्रास झाला होता. शेंगदाणे, मका यांवरील काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. नेहमीच्या भाजण्या-शिजवण्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. म्हणून बुरसटलेले शेंगदाणे भाजून कुटात वापरण्याऐवजी टाकून देणेच शहाणपणाचे.

फळ्या साफ करताना आधी कोरड्या फडक्याने पीठ व धूळ काढावी, नंतर साबणाच्या पाण्यातून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे आणि शेवटी पुन्हा कोरडे फडके फिरवावे. लाकडी फळीवर पाणी ओतू नये. कडाप्पा फारसे पाणी शोषत नाही. पण भिंतीलगतच्या सांध्यात ओल राहते. त्यामुळे फळ्या रात्रभर रिकाम्या ठेवाव्यात, डबे भिंतीपासून दोन बोटे अंतरावर मांडावेत. खाली अंथरलेला कागद ओल धरतो, म्हणून तो वरचेवर बदलावा. पिठाचा डबा शेगडीच्या थेट वर ठेवू नये. कुकरची वाफ तिथेच साचते. उन्हात वाळवलेले धान्यही गार झाल्यावरच भरावे. गरम धान्याची वाफ झाकणाला धरते आणि तेच पाणी पुन्हा धान्यात उतरते.

ओलावा ओळखण्याचे साधन प्रत्येक घरात असते, ते म्हणजे मीठ. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मिठाला पाणी सुटू लागते. बरणीतले मीठ ओलसर दिसले, तर त्या दिवशी फळ्या धुण्याचा बेत पुढे ढकलावा.

वाळवण्याचे शास्त्र या तालुक्याला नवे नाही. इथल्या बेदाणा शेडमध्ये द्राक्षे वाळतात ती सावलीत, जाळीच्या थरांमधून खेळणाऱ्या कोरड्या हवेवर. स्वयंपाकघरातील फळ्यांनाही तेवढीच मोकळी हवा मिळाली, तर वर्षभराचा शाळू आणि डाळी सुरक्षित राहतील.