फिरत्या घरांतील विजेची चूल

प्रवासास निघतांना शिदोरी बरोबर घेण्याची आपली चाल फार जुनी आहे. परंतु शिदोरी एका दिवसाची आणि कित्येक प्रवास महिन्यांचे, असा प्रकार आपल्या बीड जिल्ह्यांत नेहमींच असतो. आषाढी वारीस पैठणाहून निघणारी एकनाथ महाराजांची पालखी रायमोहा व पाटोदा या बाजूनें जाते. मुक्ताबाईंची पालखी गेवराई व बीड या मार्गानें, आणि शेगांवची गजानन महाराजांची पालखी परळी व अंबाजोगाई या मार्गानें पंढरपुराकडे जाते. प्रत्येक दिंडीबरोबर एखादी मालमोटार असते. तिच्यांत शिधा, भांडीं व अंथरुणें ठेवलेलीं असतात, आणि मुक्कामाच्या गांवीं तिच्याच आडोशास स्वयंपाक होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघणारीं कुटुंबें तर सारा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत भरून सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकांत बेळगांव या बाजूस जातात, व पुढील कित्येक महिने कोपींत राहतात. याखेरीज झोपण्याची व रांधण्याची सोय असलेली ‘कॅरॅव्हॅन’ नांवाची मोटारहि आतां आपल्या राज्यांत दिसूं लागली आहे. 2021 सालीं महाराष्ट्र शासनानें अशा मोटारींतील पर्यटनाचें धोरणहि जाहीर केलें.

हीं सर्व एका अर्थानें फिरतीं घरेंच होत. आणि या घरांत विजेची चूल शिरूं लागली आहे. किटली, इंडक्शनची शेगडी, भाताचा कुकर, पाणी तापविण्याचा रॉड, या वस्तू तालुक्याच्या बाजारांत सहज मिळतात. त्यांस धूर नाहीं व जाळहि नाहीं. पावसांत सरपण भिजलें तर अडत नाहीं. म्हणून त्यांत धोकाहि नाहीं, अशी पुष्कळांची समजूत होते. ही समजूत दूर करणें हा या लेखाचा हेतु आहे. लाकडाच्या चुलीचा धोका डोळ्यांस दिसतो. विजेच्या चुलीचा धोका डोळ्यांस दिसत नाहीं, तो हिशेबानें दिसतो. हा हिशेब इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यास सहज करतां येईल इतका सोपा आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, विजेच्या सर्व घरगुती कामांत उष्णता उत्पन्न करण्याचें काम सर्वांत खादाड आहे. एल. ई. डी. दिव्यास 9 वॅट पुरतात. साध्या छताच्या पंख्यास सुमारें 75 वॅट लागतात. पण किटलीस 1500 वॅट आणि मोठ्या इंडक्शनच्या शेगडीस 2000 वॅट लागतात. म्हणजे एक किटली चालू केली कीं वीस पंखे एकदम फिरूं लागल्याप्रमाणें भार पडतो. आपल्या परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रांत 250 मेगावॉटचे संच आहेत. असा एक संच पूर्ण शक्तीनें चालल्यास 2000 वॅटच्या सव्वा लाख शेगड्या एकाच वेळीं पेटतील. घराच्या भिंतींतील सॉकेटाच्या मागें एवढें सामर्थ्य उभें असतें, म्हणून घरांत आपणांस हिशेबाची आठवण होत नाहीं. वाहनांत मात्र मागें उभी असते ती केवळ एक बॅटरी.

बीड शहराजवळची खजाना विहीर तुम्हांपैकीं अनेकांनीं पाहिली असेल. सोळाव्या शतकांत, निजामशाहीच्या अमदानींत ती बांधली गेली, आणि अवर्षणांतहि तिचें पाणी आटत नाहीं अशी तिची ख्याति आहे. बॅटरी ही कांहीं खजाना विहीर नव्हे. ती डोक्यावरून आणलेली घागर आहे. 12 व्होल्ट व 100 अँपिअर-तास असें लिहिलेली बॅटरी घेतली तर 12 ला 100 नीं गुणून 1200 वॅट-तास, म्हणजे 1.2 युनिट इतकी वीज तींत मावते. शिशाच्या साध्या बॅटरींतून निम्म्याहून अधिक वीज काढल्यास ती लवकर निकामी होते. म्हणून हातांत राहिलें 0.6 युनिट. बॅटरीच्या विजेचें 230 व्होल्टांच्या विजेंत रूपांतर करणारा इन्व्हर्टर आपला वांटा घेतो, म्हणून कामास उरलें सुमारें 0.5 युनिट. एक लिटर पाणी उकळण्यास किटलीला सुमारें 0.1 युनिट लागतें. तेव्हां सगळ्या घागरीचा हिशेब पांच लिटर उकळलेलें पाणी एवढाच झाला. शंभर वारकऱ्यांना अर्धा-अर्धा पेला चहा द्यावयाचा, तर दहा लिटर पाणी हवें. तें या घागरींत नाहीं. लिथियमच्या नव्या बॅटरींतून अधिक वांटा काढतां येतो खरा, पण घागर मोठी झाली म्हणून तिची विहीर होत नाहीं. त्यांतच वाहन सुरू करण्याची बॅटरी व स्वयंपाकाची बॅटरी एकच असेल, तर रात्रीं चहा होईल आणि पहांटे मांजरसुंब्याच्या घाटांत गाडी सुरूच होणार नाहीं. म्हणून या दोन बॅटऱ्या निराळ्या असाव्या.

आतां तारेकडे वळूं. किटलीचे 1500 वॅट 230 व्होल्टांच्या दाबानें आले तर तारेंतून 6.5 अँपिअर प्रवाह जातो. तेच 1500 वॅट 12 व्होल्टांच्या बॅटरींतून इन्व्हर्टरमार्फत घेतले, तर बॅटरीकडील तारेंतून घट धरून सुमारें 145 अँपिअर जातात. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें तुम्ही शिकलां आहांत. प्रवाह सुमारें 22 पट झाला, तर त्याच तारेंत उष्णता 22 पट होत नाहीं, ती पांचशें पटींच्या घरांत जाते. म्हणून बॅटरी व इन्व्हर्टर यांच्यामधील तार मनगटी जाडीची भासली तरी नवल मानूं नये. ती आंखूड असावी, तिचे सांधे घट्ट असावे, आणि बॅटरीच्या अगदीं जवळ योग्य मापाचा फ्यूज असावा. फ्यूज वारंवार जळतो म्हणून त्याच्या जागीं जाड तार गुंडाळणें म्हणजे राखणदारास बांधून ठेवून दार उघडें टाकणें होय.

230 व्होल्टांच्या बाजूसहि हीच दृष्टि ठेवावी. लहान सॉकेटावर 6 अँपिअर असें लिहिलेलें असतें. 6 ला 230 नीं गुणल्यास 1380 वॅट होतात. म्हणून 1500 वॅटची किटली त्यावर लावूं नये, तिला 16 अँपिअरचें मोठें सॉकेट हवें. वायरीची गुंडाळी तशीच ठेवून तिच्यावर शेगडी चालविली तर आंतल्या वेढ्यांतील उष्णतेस बाहेर पडण्यास वाट राहत नाहीं, आणि वरचें रबरी वेष्टण वितळतें. अशी वायर पूर्ण उलगडावी, व गादीखालून किंवा उसाच्या पाचटावरून नेऊं नये. मोटारींत पुढें जें 12 व्होल्टांचें गोल छिद्र असतें, त्यास बहुधा 10 ते 15 अँपिअरचा फ्यूज असतो. म्हणजे तेथून फार तर 120 ते 180 वॅट मिळतात. तेथें इन्व्हर्टर लावून मोठी किटली चालविण्याचा प्रयत्न कोणींहि करूं नये.

यापुढील गोष्ट जिवाची आहे. घरांतील उपकरणाच्या धातूच्या अंगास तिसरी तार जोडलेली असते, ती जमिनींत जाते. तिलाच आपण अर्थिंग म्हणतों. वाहन रबरी चाकांवर उभें असतें, म्हणून तें जमिनीपासून तुटलेलें असतें. बाहेरून घेतलेल्या विजेची एखादी सोललेली तार गाडीच्या पत्र्यास लागली, तर सारी गाडी विजेनें भारली जाते. आंत बसलेल्या माणसास कांहींच जाणवत नाहीं. कारण त्याचे हात व पाय एकाच दाबावर असतात. पण बाहेर ओल्या जमिनीवर अनवाणी उभें राहून जो दाराची कडी धरतो, त्याच्या शरीरांतून वीज जमिनींत जाते. आषाढांत पाय ओले असतातच. फ्यूज येथें उपयोगी पडत नाहीं. कारण मनुष्याच्या जिवास धोका देणारा प्रवाह किटलीच्या प्रवाहापुढें अगदीं क्षुल्लक असतो, आणि फ्यूजाला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. त्यासाठीं आर. सी. सी. बी. नांवाची निराळी कळ असते. जाणारी व परत येणारी वीज यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला कीं ती क्षणाच्या अंशांत पुरवठा तोडते. किटलीचा प्रवाह याच्या दोनशें पटींहून अधिक असतो, यावरून या कळीची नजर किती बारीक आहे तें कळेल. फिरत्या घरांत ही कळ असावी, तिच्यावरील चांचणीचें बटण दाबून ती चालते कीं नाहीं तें पाहावें, तीन तारांचीच वायर वापरावी, आणि गाडीचा सांगाडा अर्थिंगच्या तारेस जोडलेला असावा. हें काम परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करवून घ्यावें.

मुक्कामीं वीज कोठून घ्यावयाची, हा प्रश्न उरतो. रस्त्यावरील तारेवर आकडा टाकणें हा सोपा मार्ग कित्येकांस वाटतो. 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 135 अन्वयें तो तुरुंगवासाचा गुन्हा आहे. आणि आकड्याच्या मागें ना फ्यूज असतो, ना अर्थिंग, ना ती बारीक नजरेची कळ. चोरीचें पाप व मरणाचा धोका एकाच तारेनें घरांत येतात. त्यापेक्षां ज्या शाळेंत, मंदिरांत किंवा वाड्यांत मुक्काम असेल, तेथील चालकांस विचारून मीटरमागील 16 अँपिअरच्या सॉकेटावरून वीज घ्यावी. मोठ्या मुक्कामास महावितरणकडून तात्पुरती जोडणी मागावी. जनित्र वापरावयाचें असल्यास तें गाडीपासून दूर, मोकळ्या हवेंत ठेवावें. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं व वासहि नाहीं; झोपलेल्या माणसांस तो उठूं देत नाहीं. बंद गाडींत कोळशाची शेगडी ठेवण्यांतहि हाच धोका आहे.

वीज व गॅस एकाच गाडींत असतील तर आणखी जपावें. सिलिंडरचा गॅस हवेहून जड असल्यामुळें तो तळाशीं साचतो, आणि कळ दाबतांना पडणारी ठिणगी त्यास पुरते. वास येतांच कोणतीहि कळ न दाबतां दारें उघडून सर्वांनीं बाहेर पडावें. 26 ऑगस्ट 2023 रोजीं पहांटे मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यांत चोरून नेलेल्या सिलिंडरावर चहा करतांना आग लागली, आणि नऊ माणसें प्राणास मुकलीं. एका पेल्या चहाची ही किंमत होय.

रेल्वेचा नियम स्वतंत्रपणें सांगितला पाहिजे. कारण 17 सप्टेंबर 2025 रोजीं बीडहून अहिल्यानगरास गाडी सुरू झाली, आणि आपल्यापैकीं पुष्कळ मंडळी आतां रेल्वेनें जातील. डब्यांतील सॉकेट मोबाइल भारित करण्यापुरतें असतें. 2025 सालच्या नोव्हेंबर महिन्यांत धावत्या गाडींत किटलीवर नूडल्स शिजविणाऱ्या एका प्रवासी बाईंचें चलच्चित्र सर्वत्र पसरलें. त्यावर मध्य रेल्वेनें असें करणें असुरक्षित, बेकायदेशीर व दंडनीय असल्याचें जाहीरपणें बजाविलें. ज्या तारेवर शेजारच्या पन्नास प्रवाशांची सुरक्षितता अवलंबून आहे, ती आपल्या एकट्याची नव्हे.

माताभगिनींसाठीं कांहीं व्यवहाराच्या सूचना देतों. तांदूळ व डाळ निघण्यापूर्वीं भिजत घालावी. भिजलेलें धान्य कमी विजेंत शिजतें. भांड्यावर झांकण ठेवावें. उकळलेलें पाणी थर्मासांत भरून घ्यावें. इंडक्शनच्या शेगडीवर ॲल्युमिनियमचा टोप किंवा पितळी पातेलें चालत नाहीं. ज्याच्या बुडास लोहचुंबक चिकटतें तेंच भांडें न्यावें. हृदयांत पेसमेकर बसविलेल्या माणसानें त्या शेगडीजवळ काम करण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. एका वेळीं एकच उपकरण चालवावें. पाण्यांतील रॉड चालू असतांना त्या पाण्यास किंवा बादलीस हात लावूं नये. चालत्या गाडींत कोणताहि स्वयंपाक करूं नये. एका खड्ड्यासरशीं उकळतें पाणी लेकराच्या अंगावर येतें. विजेच्या आगीवर पाणी ओतूं नये. आधीं पुरवठा तोडावा, मग कोरड्या भुकटीचें अग्निशामक वापरावें. कोणास विजेचा धक्का बसला तर त्यास हात न लावतां प्रथम कळ बंद करावी; तें शक्य नसेल तर कोरड्या जागीं उभें राहून कोरड्या काठीनें त्यास तारेपासून दूर करावें, आणि 108 वर रुग्णवाहिका बोलवावी.

शुभवर्तमानांत एक दृष्टांत आहे. बुरूज बांधूं इच्छिणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करतो. नाहीं तर पाया घातल्यावर काम अपुरें राहतें आणि लोक हंसतात. विजेच्या बाबतींत अपुऱ्या हिशेबाला लोक हंसत नाहींत, रडतात. म्हणून, मुलांनो, तुमच्या घरचें कोणी वारीस, ऊसतोडीस किंवा सहलीस निघण्यापूर्वीं प्रत्येक उपकरणाच्या बुडाशीं छापलेला वॅटचा आंकडा वाचा, त्यास 230 नीं भागा, आणि तो कोणत्या सॉकेटास झेपेल तें वडीलधाऱ्यांस सांगा. ज्या आईवडिलांनीं कोयता हातीं घेऊन किंवा पोटास चिमटा घेऊन तुम्हांस शाळेंत घातलें, त्यांच्या प्रवासांतील चुलीची राखण तुमच्या विद्येनें व्हावी, याहून त्या विद्येचा अधिक चांगला उपयोग आम्हांस दिसत नाहीं.