एक बटण, तीन यंत्रे : पडद्यावरील खिडक्यांची देखभाल

बेंगळूर शहराच्या उत्तरेस हेब्बाळ नावाचा भाग आहे. तेथील तलाव सोळाव्या शतकातील, केंपेगौडांच्या काळचा, मानला जातो. विमानतळाकडे जाणारा हमरस्ता आणि शहराला वळसा घालणारा बाह्य वर्तुळमार्ग येथे एकमेकांस मिळतात. त्या वर्तुळमार्गाने नागवाऱ्याच्या दिशेस थोडे गेले की मान्यता या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीतील काचेच्या उंच इमारती दिसू लागतात. अनेक कंपन्यांप्रमाणेच आय. बी. एम. या कंपनीचीही कचेरी तेथे आहे. संगणकाचे काम म्हणजे नवनवीन शोध, अशी सामान्य समजूत असते. पण बेंगळूरमध्ये चालणाऱ्या या कामाचा फार मोठा भाग नवनिर्मितीचा नसून देखभालीचा आहे. विहीर खोदणाऱ्याचे नाव गावात राहते. दरवर्षी गाळ काढणाऱ्याचे राहत नाही. प्रस्तुत लेख गाळ काढणाऱ्यांविषयी आहे.

संगणकाच्या पडद्यावर आपण खिडकी उघडतो, बटण दाबतो, चौकटीत मजकूर लिहितो. ही बटणे व चौकटी प्रत्येक प्रोग्राम लिहिणारा स्वतः घडवीत नाही. घर बांधणारा गवंडी जशी सुताराकडून तयार दारे-खिडक्या आणून भिंतीत बसवितो, तसाच प्रोग्राम लिहिणारा तयार घटकांचा एक संच वापरतो. अशा संचास लायब्ररी म्हणतात. वाचकांच्या परिचयाच्या ग्रंथालयाशी तिचे साम्य इतकेच की, एकदा सिद्ध झालेली वस्तू पुष्कळांच्या उपयोगी पडते.

अडचण येते ती भिंतींमुळे. संगणकाचा मूळ कारभार पाहणारी जी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, ती सर्वत्र एक नाही. कोठे विंडोज असते, कोठे मॅक, कोठे लिनक्स. प्रत्येकीची बटण काढण्याची रीत वेगळी, आज्ञा वेगळ्या. एकच प्रोग्राम तिन्हींवर चालावयाचा असेल तर मध्ये एक दुभाषी हवा. जावा ही संगणकभाषा १९९६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्याबरोबर असा एक दुभाषी दिलेला होता. परंतु तिन्ही प्रणालींत जे समान, तेवढेच तो देऊ शके. १९९८ च्या सुमारास स्विंग नावाची दुसरी लायब्ररी आली. तिने प्रणालीकडे बटण मागणेच सोडून दिले व सर्व काही स्वतःच रंगविण्यास आरंभ केला. त्यामुळे कार्य साधले, पण पडद्यावरील खिडकी परक्या घरातून उचलून आणल्यासारखी दिसू लागली.

तिसरा मार्ग कॅनडातील ऑटावा येथील एका संस्थेत निघाला. ऑब्जेक्ट टेक्नॉलॉजी इंटरनॅशनल हे तिचे नाव, आय. बी. एम. ने ती १९९६ मध्ये विकत घेतली होती. तिने घडविलेली एस. डब्ल्यू. टी. ही लायब्ररी २००१ च्या नोव्हेंबरात एक्लिप्स या प्रकल्पाबरोबर सर्वांस खुली झाली. प्रणालीपाशी बटण असेल तर तेच मागून घ्यावयाचे, आणि नसेल तेव्हाच स्वतः रंगवावयाचे, असा तिचा नियम आहे. या नियमाचा एक लाभ सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. अंध व्यक्ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा प्रोग्राम वापरतात. बटण प्रणालीचे स्वतःचे असेल तर या वाचकास ते आपोआप ओळखता येते. ते रंगवून काढलेले असेल, तर मी बटण आहे, माझे नाव अमुक आहे, हे सांगण्याची सोय लायब्ररीला मुद्दाम करावी लागते. ती राहून गेली तर डोळस माणसाला काहीच उणे दिसत नाही. अंध माणसासमोर मात्र कोरी भिंत उभी राहते.

या लायब्ररीची निगा राखणाऱ्यांत पुढे, २०१० नंतरच्या दशकात, आय. बी. एम. च्या बेंगळूर येथील अभियंत्यांचा वाटा मोठा होता. लिनक्सच्या बाजूचा बराचसा भार रेड हॅट या कंपनीच्या अभियंत्यांनी उचलला. बेंगळूरमध्ये सायंकाळ होते तेव्हा ऑटावात सकाळ असते. दोन्ही घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर पडते. एका गोलार्धात दिवसा नोंदविलेला दोष दुसऱ्या गोलार्धात रात्री तपासला जावा, हे या क्षेत्रात नित्याचे आहे.

आता दोष म्हणजे काय ते एका उदाहरणाने पाहू. विंडोज प्रणाली प्रत्येक प्रोग्रामला टंक, चित्र इत्यादी साधने उसनी देते आणि प्रत्येकाची एक पावती करते. एका प्रोग्रामच्या नावावर अशा पावत्या सामान्यतः १०,००० हून अधिक असू शकत नाहीत. जो साधन मागेल त्यानेच काम झाल्यावर ते परत करावे, असा एस. डब्ल्यू. टी. चा दंडक आहे. कल्पना करा की, एका प्रोग्रामची खिडकी दर दोन सेकंदांनी नव्याने रंगविली जाते आणि दर वेळी एक टंक परत करावयाचा राहून जातो. १०,००० पावत्या संपण्यास २०,००० सेकंद लागतील, म्हणजे सुमारे साडेपाच तास. कचेरीत सकाळी नऊला सुरू केलेला प्रोग्राम दुपारी अडीचच्या सुमारास, साधने शिल्लक नाहीत, असा संदेश देऊन कोसळेल. ज्या तंत्रज्ञाने तो दहा मिनिटे चालवून पाहिला, त्याला तो निर्दोष वाटेल. शिवाय कोसळतेवेळी जी ओळ चालू होती ती बहुधा निरपराध असते. खरी अपराधी ओळ दुसरीकडेच असते. पाणी जेथे टपकते तेथेच कौल फुटलेले असते असे नाही, हे पावसाळ्यात घर शाकारणाऱ्या कोणासही ठाऊक आहे.

म्हणून दोष दुरुस्त करण्याचा आरंभ दुरुस्तीने होत नाही. प्रथम तो हुकमी घडवून आणता आला पाहिजे. "कधी कधी खिडकी काळी पडते" एवढ्या तक्रारीवर काहीच करता येत नाही. मोठ्या प्रोग्राममधून एकेक भाग वगळीत, दोष तेवढा उरेल असा वीस-तीस ओळींचा लहान नमुना तयार करावा लागतो. माझ्या मते या कामातील खरी बुद्धी येथेच लागते. पुढची दुरुस्ती पुष्कळदा दोन ओळींची असते. नमुना हाती आला की दुसरा प्रश्न विचारतात : हा दोष केव्हा शिरला? लायब्ररीत झालेला प्रत्येक बदल क्रमाने नोंदलेला असतो. हजार बदलांपूर्वीची आवृत्ती ठीक होती आणि आजची बिघडली आहे, असे समजा. मधली, म्हणजे पाचशेवी, तपासावी. ती ठीक असेल तर दोष नंतरच्या अर्ध्यात. नसेल तर आधीच्या अर्ध्यात. याप्रमाणे निम्मे निम्मे करीत गेल्यास दहा चाचण्यांत नेमका बदल सापडतो, कारण एकास दोनाने दहा वेळा गुणिले असता १,०२४ येतात.

त्यानंतरची अडचण या विषयाला विशेष आहे. एस. डब्ल्यू. टी. मध्ये बटणाचा लेख एक नाही, तीन आहेत : विंडोजसाठी एक, मॅकसाठी एक, लिनक्ससाठी एक. बाहेरून तिघांचे रूप तंतोतंत सारखे राखावे लागते. आत प्रत्येकाचा संसार निराळा. विंडोजवर सुधारलेले वर्तन मॅकवरील वर्तनाशी जुळले नाही तर एका दोषाचे दोन दोष होतात. याहून अवघड प्रसंग म्हणजे जुन्या चुकीवर अवलंबून राहिलेले प्रोग्राम. लायब्ररी एखादी लांबी दोन ठिपक्यांनी चुकीची सांगत असेल, तर ती वापरणाऱ्या कोणीतरी आपल्या हिशेबात ते दोन ठिपके वजा केलेले असतात. चूक सुधारताच त्याची खिडकी बिघडते आणि तो तक्रार घेऊन येतो. त्याचे म्हणणे अगदीच चूक असते असेही म्हणवत नाही.

पायाखालची जमीनही हलत असते. आरंभी संगणकाच्या स्मृतीतील पत्ते ३२ अंकस्थानांचे होते. त्यांत ४,२९,४९,६७,२९६ जागा मोजता येत. पुढे ६४ स्थानांची यंत्रे आली आणि लहान खणात ठेवलेला मोठा पत्ता कापला जाऊ लागला. लायब्ररीचे दोन स्वतंत्र लेख ठेवणे परवडणारे नव्हते. तेव्हा देखभाल करणाऱ्यांनी एक साधी युक्ती योजिली. जेथे जेथे पत्ता येई तेथे लहान संख्येचा प्रकार लिहून त्यालगत टीप म्हणून मोठ्या संख्येचा प्रकार लिहिला जाई, आणि एक छोटे साधन यंत्राप्रमाणे त्या दोहोंची अदलाबदल करी. २०१८ च्या डिसेंबरात एक्लिप्सने ३२ स्थानांच्या आवृत्त्या बंद केल्या तेव्हा या युक्तीची गरज संपली. मॅकवर जुना पाया सोडून कोको या नव्या पायावर २००९ मध्ये स्थलांतर करावे लागले. लिनक्सवर जी.टी.के. या संचाची तिसरी पिढी २०११ मध्ये आली, आणि तिच्याशी जुळवून घेण्यात कित्येक वर्षे गेली. लिनक्सवरील वेलँड या नव्या पडदा-व्यवस्थेत तर प्रोग्रामला आपली खिडकी पडद्यावर अमक्याच ठिकाणी ठेवा असे सांगताच येत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्य असेलही, परंतु वीस वर्षे तसे सांगत आलेल्या लायब्ररीने काय करावे? येथे दोष कोणाचाच नाही, आणि तक्रार मात्र लायब्ररीच्या नावे नोंदली जाते.

मराठी वाचकास जवळचा असा एक प्रांत राहिला, तो लिपीचा. हेब्बाळ येथे सुमारे इ. स. ७५० मधील एक जुना कन्नड वीरगळ मिळाला आहे. पाथरवटाने अक्षर कोरले की ते कोरलेलेच राहिले. पडद्यावरील अक्षराचे तसे नसते. ते दर वेळी नव्याने जुळवावे लागते. 'हेब्बाळ' हा शब्द आपण तीन अक्षरांचा वाचतो. संगणकात त्याचे सात संकेत असतात : ह, एकाराची मात्रा, ब, हलन्ताची खूण, पुन्हा ब, काना आणि ळ. यांतून जोडाक्षर घडविणे हे प्रत्येक प्रणालीचे वेगळे यंत्र करते. विंडोजसाठी एस. डब्ल्यू. टी. ने युनिस्क्राइबचा आधार घेतला, लिनक्सवर पँगोचा, मॅकवर तेथील मजकूर-व्यवस्थेचा. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी साठविली जाते क नंतर, आणि दिसते मात्र त्याच्या आधी. मग उंदराने शब्दाच्या मधोमध टिचकी मारल्यास लिहिण्याची खूण कोठे उभी करावी? 'ब्बा' या अक्षराच्या आत ती शिरता कामा नये. परंतु मागे खोडण्याची कळ दाबली तर संपूर्ण 'ब्बा' जावा, की केवळ काना? बहुतेक प्रणाली मागे खोडताना एकच संकेत पुसतात, आणि बाणाच्या कळीने सरकताना सबंध अक्षर ओलांडतात. लिहिणाऱ्यास हे सोयीचेच आहे, कारण चुकीचा काना पुसण्यासाठी पुरे जोडाक्षर पुन्हा लिहावे लागत नाही. मात्र केवळ रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून, एक संकेत म्हणजे एक अक्षर, असे गृहीत धरून लिहिलेली ओळ लायब्ररीत कोठेही असली की देवनागरीत खूण भलतीकडे उभी राहते. असा दोष रोमन लिपी वापरणाऱ्या तंत्रज्ञास त्याच्या पडद्यावर कधीच दिसत नाही. ज्याच्या भाषेत तो दिसतो त्यानेच नमुना तयार करून, कोणती प्रणाली, कोणती आवृत्ती, कोणता शब्द, हे लिहून तो नोंदवावा लागतो. एस. डब्ल्यू. टी. च्या दोषांची नोंदवही २०२२ पासून नव्या ठिकाणी हलविली आहे. ती कोणासही वाचता येते, आणि तीत भर घालण्यास अभियंता असावे लागत नाही.