निसरडं ते टिकाऊ असतंच असं नाही

“गुडघ्यातलं वंगण संपलंय, ग्रीस भरून घ्या” हा सल्ला आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही मिळतो. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये घडतं ते बरेचदा उलटं: सांध्यातला द्रव वाढतो, गुडघा सुजतो तो त्यामुळे. घसरतो तो द्रवाचा कस. बिघाडही एकट्या कूर्चेचा नसतो. खालचं हाड, आतलं अस्तर, स्नायू सगळेच त्यात ओढले जातात. कूर्चेला तर संवेदनाच नसते, दुखतं ते तिच्या आजूबाजूचं. म्हणूनच एक्स-रे भयंकर दिसणारे काहीजण जिने आरामात चढतात.

वंगणाच्या कोड्यात एक मोठा शल्यविशारदही अडकला होता. जॉन चार्नली, इंग्लंडात लँकेशायरमधल्या राइटिंग्टन रुग्णालयाचे. खुबा बदलण्याची आजची शस्त्रक्रिया त्यांनीच उभी केली. एका रुग्णाच्या खुब्यात ॲक्रिलिकचा गोळा बसवलेला होता आणि हालचाल झाली की तो करकरे. त्यावरून चार्नली घर्षणाच्या मागे लागले. त्यांचा निष्कर्ष असा, की शरीरातला द्रव कृत्रिम पृष्ठभागांना नीट वंगण देत नाही. म्हणून पदार्थच अंगचा निसरडा हवा. तेव्हा टेफ्लॉनइतकं निसरडं दुसरं काय होतं? 1958 च्या सुमारास त्यांनी खुब्यात टेफ्लॉनच्या वाट्या बसवायला घेतल्या. खुरडत येणारे लोक चालू लागले.

दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या. सुमारे 300 रुग्णांचा प्रश्न उभा राहिला. घर्षण कमी म्हणजे झीज कमी, हे गृहीतच चुकीचं होतं. त्याहून मोठा धडा वेगळाच होता. “शरीर परका पदार्थ नाकारतं” असं आपण सरसकट म्हणतो. पण टेफ्लॉनचा अखंड तुकडा शरीराने निमूट सोसला होता. त्रास दिला त्याच्या भुकटीने. शरीरातल्या भक्षक पेशी हे कण गिळतात, ते पचत नाहीत, मग दाह सुरू होतो, आसपासचं हाड विरघळू लागतं आणि सांधा सैल होतो. खात्री करायला चार्नलींनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. गाठी आल्या. 1963 मध्ये त्यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. आजच्या नैतिकता समितीकडून असल्या प्रयोगाला परवानगी मिळणं अवघडच.

तोडगा मिळाला तो कापडगिरण्यांच्या मुलखात. मागाच्या दंतचक्रांसाठी वापरलं जाणारं एक पॉलिएथिलीन 1962 मध्ये एका विक्रेत्याने रुग्णालयाच्या कार्यशाळेत आणून दिलं. चार्नलींनी ते झटकून टाकलं. तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तुकडा झीज मोजायच्या यंत्राला लावला आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवलं. तीन आठवड्यांत त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाइतकीही झाली नाही. निसरडेपणात ते टेफ्लॉनच्या मागेच होतं! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते रुग्णाच्या खुब्यात बसलं. क्रेव्हन यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

“प्लॅस्टिक कशाला, दोन्हीकडे धातूच घाला” हाही आग्रह असतो. तेही करून झालं. धातूवर धातू घासणाऱ्या खुब्याचा एक प्रकार कोबाल्ट-क्रोमियमच्या कणांच्या तक्रारींनंतर 2010 मध्ये जगभरातून परत मागवावा लागला. भारतातल्या रुग्णांनाही तो बसवलेला होता.

कृत्रिम सांधा हाडात बसवताना वापरतात त्या सिमेंटबद्दलही असाच गैरसमज आहे. ते सांधा चिकटवत नाही. दातांच्या कवळ्यांसाठी वापरतात त्याच जातीचं हे ॲक्रिलिक हाडाच्या खाचाखोचांत भरून घट्ट होतं आणि भार हाडावर पसरवतं; लादीखालच्या मालासारखं.

राहिला कृत्रिम सांध्याच्या आयुष्याचा प्रश्न. “दहा वर्षांनी पुन्हा करावं लागतं” या धास्तीने लोक वर्षानुवर्षं कण्हत बसतात. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आलेल्या मोठ्या पाहणीनुसार 25 वर्षांनंतरही कृत्रिम खुब्यांपैकी सुमारे 58 टक्के आणि पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे 82 टक्के जागेवर होते. तेही 1990 च्या दशकातले किंवा त्याआधीचे सांधे. त्यानंतर रूढ झालेलं, किरणोत्सर्गाने साखळ्या बांधून आणखी चिवट केलेलं पॉलिएथिलीन त्या हिशेबात जवळजवळ नाहीच. त्याची पंचवीस वर्षं आत्ता कुठे भरताहेत.