भंडाऱ्याच्या पंगतीत नाचणी हवी

गावजत्रेचा भंडारा असो की २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी, ताटात बहुधा गहू-तांदूळच. भूक भागते, पण अकोले-जव्हारच्या डोंगरउतारावर नाचणी-वरई पिकवणाऱ्याच्या हाती त्यातलं काही पडत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. २०२४-२५ मध्ये नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,२९० रुपये होता. पण खरेदी केंद्र जवळ नसेल तर तो कागदावरच राहतो. पाचशे पानांच्या पंगतीला माणशी ५० ग्रॅम पीठ धरलं तर २५ किलो लागतं. एका जेवणापुरतं हे किरकोळ, पण वर्षभराचं ठरलेलं गिऱ्हाईक असलं की शेतकऱ्याला पेरणीआधीच भाव बोलता येतो.

नाचणी महाग पडते, हा आक्षेप खरा आहे. रेशनच्या धान्याशी तिची बरोबरी होणार नाही. म्हणून सगळं ताट बदलू नका, भाताआधी वाटीभर आंबील द्या. थोड्या पिठात पुष्कळ माणसं होतात आणि भाकऱ्या थापायला हात कुठून आणायचे, हा प्रश्नही उरत नाही. (चवीचं म्हणाल तर ताक-लसूण पुरे.)