उंदराची पाच अक्षरे



१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोचली. तेव्हापासून आपल्या या भागातल्या मुलांना एक खेळ आयताच मिळाला आहे. तो म्हणजे फलाटावर उभे राहून मालगाडीचे डबे मोजणे. आजचा विषय संगणकाच्या माऊसचा आहे. पण ज्याने हा खेळ लहानपणी खेळला असेल, त्याला तो निम्मा समजलेलाच आहे असे मी धरून चालतो.

माऊस म्हणजे उंदीर. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे हे उपकरण सभेपुढे चालवून दाखविले. पुढे १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला हे दिल्लीच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी. या कंपनीच्या वर्कस्टेशनांना जो माऊस जोडीत, तो रेघांची जाळी आखलेल्या चकचकीत धातूच्या पाटीवर फिरे आणि प्रकाशाच्या साहाय्याने त्या रेघा मोजी. मोजलेला हिशेब तो एका तारेवरून एकेक बिट करून पाठवी. म्हणून त्यास सीरियल माऊस म्हणावयाचे.

या तारेचा वेग सेकंदास १२०० बिट. आठ बिटांचे एक अक्षर; त्याच्या आरंभी एक आणि अखेरीस एक खुणेचा बिट. म्हणजे अक्षरास दहा बिट पडतात आणि सेकंदात १२० अक्षरे येतात. पाच अक्षरांचा एक निरोप. तेव्हा सेकंदास २४ निरोप झाले.

निरोपातले पहिले अक्षर म्हणजे मालगाडीचे इंजिन. त्याचे पहिले पाच बिट नेहमी १०००० असेच असतात, आणि उरलेले तीन बिट डावे, मधले व उजवे अशा तीन बटणांचे. गंमत अशी की बटण दाबले की बिट शून्य आणि सोडले की एक! सगळी बटणे मोकळी असली म्हणजे हे अक्षर १३५ होते. डावे दाबले की १३१. मागचे चार डबे हालचालीचे: आडवी, उभी, पुन्हा आडवी, पुन्हा उभी. १२७ च्या पुढचा आकडा आला तर त्यातून २५६ वजा करावयाचे. २५४ चा अर्थ उणे २.

आता हे सारे वाचतो कोण? संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एक छोटा कारकून असतो, त्याचे नाव ड्रायव्हर. तारेच्या टोकाशी असलेली चिप अक्षर पुरे झाले की मुख्य प्रोसेसरास हाक मारते. प्रोसेसर हातातले काम क्षणभर बाजूस ठेवतो आणि ते अक्षर उचलून ड्रायव्हरच्या स्वाधीन करतो. ड्रायव्हर आपल्याजवळ हे लिहून ठेवतो की पाचांपैकी कितवे अक्षर आले. बटणांचे बिट तो उलटे वाचतो. उभ्या हालचालीचे चिन्हही उलटवितो. कारण माऊस वरच्या दिशेस अधिक मानतो, तर पडद्यावरच्या ओळी वरून खाली मोजलेल्या असतात.

इथवर सगळे सुरळीत चालले. पण मोजणाऱ्या मुलाची पापणी लवली आणि एक डबा निसटला तर? सनच्या यंत्रांत जी झायलॉगची चिप वापरीत, तिच्यापाशी तीनच अक्षरे मावतील एवढी जागा होती. प्रोसेसर सेकंदाच्या चाळिसाव्या भागाहून फार अधिक काळ दुसरीकडे गुंतला की अक्षर हरवलेच!

उदाहरण पाहू. डावे बटण दाबून हात हळू सरकतो आहे आणि १३१, ४, २, ३, १ असे निरोप एकामागून एक येत आहेत. यातला ४ गळाला. आता पुढच्या निरोपाचे इंजिन, तेच १३१, पाचवा डबा म्हणून मोजले जाते. १३१ म्हणजे उणे १२५! हात जागच्या जागी असताना बाण सव्वाशे घरे खाली झेपावतो. बटण दाबलेलेच असते. तेव्हा जी वस्तू हाताने धरली होती, ती भलत्याच ठिकाणी जाऊन पडते. दवाखान्याच्या नोंदवहीत किंवा पेढीच्या खात्यात असे घडले तर ती गंमत राहत नाही.

लिनक्सचा सीरियल माऊस ड्रायव्हर व्होयतेख पाव्लिक यांनी लिहिला. त्यात यावर दोन साधे उपाय आहेत. पहिला असा की नव्या निरोपाची वाट पाहत असताना इंजिनाची खूण नसलेले कोणतेही अक्षर आले, तर ते मुकाट्याने टाकून द्यावयाचे. वरच्या उदाहरणात उरलेली ४, २, ३, १ ही चारही अक्षरे अशीच टाकली जातात आणि पुढच्या १३१ पाशी मोजणी पुन्हा ताळ्यावर येते. दुसरा उपाय असा की दोन अक्षरांमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक शांतता पडली, तर अर्धवट मोजणी सोडून पहिल्यापासून सुरुवात करावयाची.

हे उपाय परिपूर्ण नाहीत. एक झेप बसतेच. शिवाय हात फारच जोराने फिरला तर हालचालीचा आकडाही इंजिनासारखा दिसू शकतो. आजच्या यूएसबी माऊसमध्ये प्रत्येक निरोप स्वतंत्र बांधलेला व तपासणीच्या आकड्यासह येतो, त्यामुळे ही अडचण उरली नाही.

तरीही हा ड्रायव्हर वाचण्याजोगा आहे, आणि तो सर्वांस खुला असल्यामुळे कल्याणच्या किंवा डोंबिवलीच्या विद्यार्थ्यास घरबसल्या वाचता येतो. त्यातला धडा संगणकापुरताच नाही. मोजणी चुकल्याचा संशय येताच आपण बहुधा अंदाजाने आकडा पुरा करतो आणि चूक पुढे रेटीत नेतो. हा चिमुकला कारकून तसे करीत नाही. हाती आलेले संशयित अक्षर तो सोडून देतो आणि पुढच्या इंजिनाची वाट पाहतो. डबे मोजणाऱ्या मुलानेही तेच करावे, आणि आपणही.